तेल, कोंब आणि अद्भुत मंत्री

दरवर्षी डिसेंबरात दोन दावे माझ्यापर्यंत हमखास पोचतात. पहिला एखाद्या उत्साही ख्रिस्ती मित्राकडून येतो. 'येशू' हे नाव बिघडलेलं आहे, ग्रीकांनी त्यात आपला झ्यूस घुसडला, खरं नाव 'येशुआ' किंवा 'याहशुआ', आणि त्याच नावाने हाक मारली तर ती पोचते. दुसरा दावा तितक्याच उत्साही हिंदू मित्राचा असतो: 'ख्रिस्त' म्हणजे मुळातला 'कृष्ण' आणि 'येशू' म्हणजे 'ईश'. या दोघांचं एकमेकांशी पटण्याची सुतराम शक्यता नाही, तरी दोघे एकाच माळेचे मणी आहेत. नाव कानाने तपासायचं, आवाज जुळला की नातं सिद्ध, नाही जुळला की फसवणूक सिद्ध. तिसराही एक पक्ष आहे, जरा जास्त शिकलेला. तो शब्दकोश उघडतो. यशया संदेष्ट्याच्या भाकितातलं आणि पुढे येशूला लावलेलं 'इम्मानुएल' हे नाव म्हणजे 'आमच्याबरोबर देव', तेव्हा ज्याचं हे नाव तो देवच, असं एक टोक. येशूला हयातीत कुणी इम्मानुएल म्हणून हाक मारल्याचं दिसत नाही, तेव्हा सगळं भाकीत खोटं, असं दुसरं टोक.

माझ्या मते हा वाद तिन्ही बाजूंनी चुकीच्या जागी खेळला जातोय. मशीहाशी, म्हणजे येणार म्हणून ज्याची वाट पाहिली जाते त्या तारणहार राजाशी, जोडली गेलेली हिब्रू नावं ऐकणाऱ्याला तिथल्या तिथे कळावीत म्हणून घडवलेली होती. त्यातली काही अख्खी वाक्यं आहेत, काही हुद्दे आहेत, एखादं तर वनस्पतीचं नाव आहे. त्यामुळे त्यांचं भाषांतर करणं हीच त्यांच्याशी इमानदारी. मात्र भाषांतर करून झाल्यावर त्या अर्थातून नावाच्या धन्याचं स्वरूप सिद्ध करायला निघणं हा आगाऊपणा.

आधी झ्यूसचा निकाल लावू. 'इएसूस' हे ग्रीक रूप ख्रिस्ती लोकांनी बनवलेलंच नाही. नूनाचा पुत्र यहोशवा, मोशेनंतर इस्राएलांचं नेतृत्व करणारा, त्याचं नाव हिब्रू ग्रंथ ग्रीकमध्ये नेताना ज्यू भाषांतरकारांनी 'इएसूस' असं लिहिलं, येशूच्या जन्माच्या निदान शंभर वर्षं आधी. ग्रीकमध्ये 'श' नाही म्हणून 'स' आला, आणि पुरुषाचं नाव प्रथमेत चालावं म्हणून शेवटी आणखी एक 'स' लागला. विभक्ती बदलली की हा शेवटचा 'स' गळून पडतो; 'येशूचा' म्हणायचं तर ग्रीक माणूस 'इएसू' म्हणतो. ज्या अक्षरात झ्यूस लपल्याचा आरोप आहे ते अक्षर षष्ठीतच पळून जातं, आणि खुद्द झ्यूसची षष्ठी 'दिओस' होते. शाळेत विभक्तीचे तक्ते घोकलेल्या कुणालाही हे पटायला हरकत नसावी. राहिलं 'याहशुआ'. हे रूप जुन्या हिब्रू ग्रंथांत नाही. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या काही पंथांनी ते रूढ केलं. जुनं रूप 'येहोशुआ', आणि ज्यूंच्या बाबेलमधल्या बंदिवासानंतर त्याचंच आटोपशीर 'येशुआ'. नहेम्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात तर त्याच नूनाच्या पुत्राला 'येशुआ' म्हटलंय. म्हणजे एकाच माणसाच्या नावाची दोन रूपं हिब्रू बायबलमध्येच नांदतात, आणि त्यावरून कुणाची प्रार्थना अडल्याची नोंद नाही.

आवाजाच्या पावित्र्यावर अडून बसणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. 'येशुआ'च्या शेवटी हिब्रूत 'अयिन' नावाचं एक घशातलं व्यंजन आहे. ते गाळून उरणारं 'येशू' हे रूप ज्यू परंपरेत वापरलं गेलं, आणि पुढे त्याच्या तीन अक्षरांवरून 'त्याचं नाव आणि आठवण पुसली जावो' असा शापही रचला गेला. म्हणजे मराठी ख्रिस्ती माणूस पिढ्यान्‌पिढ्या भक्तिभावाने जे नाव घेतो, नेमका तोच आवाज दुसऱ्या एका परंपरेत शिवीच्या जवळ जाऊन आलाय. मग मराठी भक्तांची भक्ती बाटली का? गोव्यात पोर्तुगिजांच्या वाटेने 'जेजू' आला, अरबीच्या वाटेने 'ईसा' आला. ज्याला हाक मारायची होती त्यालाच ती गेली.

या पक्षाचं एक म्हणणं मात्र मला मान्य आहे, आणि ते लहान नाही. मराठी बायबलमध्ये एकाला 'यहोशवा' आणि दुसऱ्याला 'येशू' म्हटल्याने दोघांचं नाव एकच आहे हे वाचकाच्या लक्षातच येत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात देवदूत सांगतो की त्याचं नाव येशू ठेव, कारण तो आपल्या लोकांना तारील. या 'कारण'ला मराठीत आधारच नाही. हिब्रूत तारण्याचा धातू त्या नावात ऐकू येतो, मराठीत 'येशू' आणि 'तारील' यांची ओळखदेख नाही. हे नुकसान खरं आहे. पण ते झालं कशामुळे? आवाज राखला आणि अर्थ सोडला म्हणून. तेव्हा त्याच आवाजाचा आणखी शुद्ध नमुना आणून ते कसं भरून निघणार?

कृष्णाबद्दल दोनच वाक्यं. 'कृष्ण' म्हणजे काळा, सावळा, आणि 'ख्रिस्तोस' म्हणजे ज्याला तेल लावलंय तो, 'ख्रिओ' या ग्रीक क्रियापदावरून. दोन्ही शब्द आपापल्या घरच्या धडधाकट धातूंवर उभे आहेत, त्यामुळे एकाने दुसऱ्याकडून उसनं घेण्याची वेळच आली नाही.

या तेलापाशी जरा थांबायला हवं, कारण सगळी गंमत तिथेच आहे. 'ख्रिस्तोस' हे ज्याचं ग्रीक भाषांतर आणि 'मशीहा' हे ज्याचं आपल्याकडचं रूप, तो हिब्रू 'माशिआख' हा शब्द 'चोपडणे, माखणे' या अर्थाच्या धातूपासून येतो. इस्राएलचा राजा शौल लढाईत पडल्यावर त्याच्यामागून राजा होणारा दावीद जो शोक करतो त्यात शौलाच्या ढालीचा उल्लेख आहे, आणि ती 'तेल न लावलेली' पडून आहे म्हणताना मूळ पाठात चक्क 'माशिआख' हाच शब्द येतो. चामड्याची ढाल तेल लावून मऊ राखायची, नाहीतर ती तडकते. तारणहार, युगान्त, देवाचं राज्य यातलं काहीही मनात येण्याआधी या शब्दाला चामड्याचा आणि तेलाचा वास होता. राजाला तेल लावलं की तो 'माशिआख', याजकाला लावलं की तोही. आणि उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब बेथेलला उशाशी घेऊन झोपलेला दगड सकाळी उभा करतो, त्यावर तेल ओततो. पुढे त्या प्रसंगाची आठवण करून देताना हेच क्रियापद वापरलंय.

मराठी वाचकाला हे समजायला पॅलेस्टाइनला जावं लागत नाही. गावाच्या वेशीबाहेर एक धोंडा असतो. काल त्याच्यावर कुणी चप्पल झटकली असती. आज कुणीतरी त्याला तेल-शेंदूर माखतं आणि उद्यापासून त्याच वाटेने जाणारा एसटीचा ड्रायव्हर हात छातीला लावून पुढे जातो. दगड तोच, दगडाशी बोलण्याची रीत बदलली. 'माशिआख'चा गाभा हा आहे. तेल लागणं ही माणसाच्या जातीत झालेली उलथापालथ नव्हे, त्याच्यावर सोपवलेल्या कामाची खूण आहे.

मग मराठीत काय म्हणायचं? शब्दशः 'तेल लावलेला' म्हणायला जावं तर डोळ्यांसमोर हातातून निसटणारा पैलवान उभा राहतो, आणि 'तेल लावत गेला' याचा अर्थ तर इथे लिहायची गरज नाही. 'मसीहा' उर्दूतून आला आणि आपल्या बातम्यांमध्ये इतका झिजला की आता तालुक्याच्या प्रत्येक नेत्याला 'गरिबांचा मसीहा' म्हणतात. 'ख्रिस्त' तर आडनावासारखाच वाटतो. बायबलच्या मराठी भाषांतरांनी घेतलेला 'अभिषिक्त' हा शब्द मला या सगळ्यांत उजवा वाटतो, त्यात एक खोट असूनही. आपल्याकडे अभिषेक म्हटलं की आधी पाणी आठवतं, फार तर दूध. पण १६७४ साली रायगडावर झालेला राज्याभिषेक ज्या भाषेच्या स्मरणात आहे, तिला अभिषेक हा हुद्दा देण्याचा विधी असतो हे वेगळं शिकवावं लागत नाही. (कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंना आजूबाजूचे लोक 'शनवार तेली' म्हणत, कारण ते घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. तेलाच्या नावाचा तारणहार तेल्यांइतका कुणाला कळावा?)

'अभिषिक्त'चा खरा फायदा यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात दिसतो. तिथे देव ज्याला 'माझा माशिआख' म्हणतो तो इस्राएली नाही, ज्यू नाही, दावीदाच्या वंशातला तर नाहीच नाही. तो आहे इराणचा बादशहा सायरस, मराठी बायबलमधला कोरेश, ज्याने इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल घेतलं. वर देव त्याला म्हणतो, तू मला ओळखतही नाहीस. आता इंग्रजीतली तारांबळ बघा. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलमध्ये हा हिब्रू शब्द जवळजवळ सगळीकडे 'अभिषिक्त' या अर्थाच्या साध्या इंग्रजी शब्दाने भाषांतरित केलाय, सायरसच्या बाबतीतही. फक्त दानिएलाच्या नवव्या अध्यायात दोनदा अचानक 'मसाया' येतो, तोही पहिलं अक्षर मोठं करून. हिब्रूत तिथे वेगळा शब्द नाही, आणि हिब्रूला मोठं-छोटं अक्षर हा प्रकारच माहीत नाही. एका छपाईच्या सोयीने तीन-चार शतकांच्या वाचकांना सांगून टाकलं की इथे तो विशेष एकच अभिप्रेत आहे, बाकीचे किरकोळ. देवनागरीला मोठी अक्षरं नाहीत, हा आपला अनायासे झालेला फायदा. ज्याला कोरेश आणि दावीद यांच्यामधला फरक करायचा आहे त्याला मराठीत तो युक्तिवादानेच करावा लागतो.

आता वाक्यांकडे येऊ. यशयाने आपल्या एका मुलाचं नाव ठेवलं 'महेर-शालाल-हाश-बज', म्हणजे साधारण 'लूट झटपट, शिकार लगबग'. दुसऱ्याचं 'शआर-याशूब', म्हणजे 'उरलेसुरले परततील'. ही नावं मुलांबद्दल काही सांगतात का? धाकटा लुटारू निघाला असं कुणी म्हणत नाही. ती त्या काळाबद्दल बोलतात. अरामाचा आणि उत्तरेकडच्या इस्राएलचा राजा यरुशलेमेवर चालून येत होते, अश्शूरचं साम्राज्य मागे दबा धरून होतं, यरुशलेमेतल्या आहाज राजाचे पाय लटपटत होते. चालत्याबोलत्या मुलांच्या अंगावर त्यावेळच्या राजकारणाचे मथळे डकवलेले होते. इम्मानुएल हे याच मालिकेतलं नाव. या मुलाला बरंवाईट कळू लागायच्या आत ज्या दोन राजांना तू घाबरतोस त्यांचा देश ओस पडेल, असं आहाजाला सांगितलं जातं. पुढच्याच अध्यायात तीच अक्षरं पुन्हा येतात आणि तिथे ती सरळ वाक्य म्हणून वाचली जातात: 'कारण देव आमच्याबरोबर आहे.' नाव कुठे संपलं आणि वाक्य कुठे सुरू झालं, हिब्रू सांगत नाही.

आपल्याकडेही अशी नावं आहेत, आणि ती आठवायला बरं वाटत नाही. मुलाची वाट पाहणाऱ्या घरात तिसरी-चौथी मुलगी झाली की तिचं नाव 'नकोशी', 'नकुसा'. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८० हून अधिक मुलींचं समारंभाने पुन्हा बारसं झालं. 'नकोशी' या नावाचा अर्थ शब्दकोशात पाहून ती मुलगी मुळातच नको असण्याच्या लायकीची होती, असं कुणी सिद्ध करू धजेल का? ते नाव म्हणजे तिच्या घराने, तिच्या काळाने उच्चारलेलं वाक्य. होशेय संदेष्ट्याच्या मुलीचं नाव 'लो-रुहामा' होतं, 'जिच्यावर माया नाही ती'. पुढे तिचंही नाव बदलतं, 'लो' गळतं आणि उरते 'रुहामा'. दोन्ही वेळा मुलगी एकच. नावाच्या अर्थावरून माणसाचं स्वरूप ठरवणाऱ्यांपुढे मी या मुली ठेवीन. आणि तेवढ्याने भागलं नाही तर यिर्मया संदेष्टा. तो येणाऱ्या राजाला 'परमेश्वर आमची नीतिमत्ता' असं नाव देतो, ते वाचून अनेकांना राजाच्या देवत्वाचा पुरावा सापडतो. पण दहा अध्यायांनी तो नेमकं तेच नाव यरुशलेम शहराला देतो. शहर देव झालं का?

विरुद्ध पक्षाचं सगळ्यात बळकट म्हणणं आता ऐकायला हवं. ते म्हणतील, भाषांतर करा म्हणणं सोपं आहे, पण भाषांतरातूनच तर सगळी चोरी होते. मूळ नाव तसंच ठेवलं असतं तर निदान कुणाचा हात त्यात शिरला नसता. आणि त्यांच्याकडे उदाहरणांची वाण नाही. इम्मानुएलची आई हिब्रूत 'अल्मा' आहे, म्हणजे लग्नाच्या वयाची तरुणी. ग्रीकमध्ये तिची 'पार्थेनोस' झाली, म्हणजे कुमारिका, आणि मत्तयाने त्यावर आपली कथा उभारली. १९५२ मध्ये एका नव्या इंग्रजी भाषांतराने 'तरुण स्त्री' छापलं तेव्हा नॉर्थ कॅरोलायनात एका पाळकाने ते पान जाहीरपणे जाळलं. मराठीचं नशीब थोर, आपला 'कुमारी' शब्द दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभा आहे, गुणपत्रिकेवरच्या 'कु.' ला कुणी ईश्वरविज्ञान समजत नाही. मग यशयाचा नववा अध्याय. तिथल्या बाळाचं लांबलचक नाव मराठी बायबलात 'अद्भुत मंत्री, समर्थ देव, सनातन पिता, शांतीचा अधिपती' असं आलंय. भाषांतर झालं तेव्हा 'मंत्री' म्हणजे सल्लागार होता. आज 'अद्भुत मंत्री' वाचून डोळ्यांसमोर लाल दिवा येतो. ज्यूंनीही आपली बाजू सांभाळलीच. राशी या मध्ययुगीन भाष्यकाराने वाक्याची मांडणी अशी लावली की आधीची बिरुदं नाव ठेवणाऱ्या देवाची आणि मुलाच्या वाट्याला फक्त 'शांतीचा अधिपती'. १९१७ च्या ज्यू इंग्रजी भाषांतराने तर मजकुरात भाषांतरच केलं नाही, सगळं नाव हिब्रूतच जोडून छापलं आणि अर्थ तळटीपेत ढकलला.

हे सगळं खरं आहे. 'ख्रिस्त' हा शब्द ज्यू कानाला निव्वळ 'अभिषिक्त' असा कधीच ऐकू येणार नाही, हेही खरं. १०९६ मध्ये धर्मयुद्धाला निघालेल्या जमावांनी त्याच नावाचा जयघोष करत ऱ्हाइनकाठच्या ज्यू वस्त्या कापून काढल्या. पण १९१७ च्या त्या पानाकडे पुन्हा पाहा. मूळ नाव जसंच्या तसं ठेवणं हाही पक्ष घेणंच होतं, फक्त गप्प राहून. 'पेले-योएत्स-एल-गिब्बोर' हे समोर छापून वाचकाला काय मिळालं? एक कुलूप. चोरी होते म्हणून दुकानच उघडायचं नाही, असला हा उपाय. त्यापेक्षा ते नाव वाक्य म्हणून वाचून दाखवा: 'पराक्रमी देव अद्भुत मसलत रचतो, सनातन पिता शांतीचा अधिपती आहे.' 'योएत्स' म्हणजे बेत आखणारा, आणि मराठीत त्याला पेशव्यांच्या दप्तरातला 'मसलत' चपखल बसतो, सल्लाही आणि मोहिमेचा बेतही. माझं भाषांतर चुकीचं असेल. पण ते चुकीचं आहे हे वाचकाला दाखवता येतं, तसं न भाषांतरलेल्या नावाचं काय दाखवणार?

मुळाकडे जायचं असेल तर त्याची रीत केडगावला पंडिता रमाबाईंनी दाखवून ठेवलीय. संस्कृतात मुरलेली ही बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि खेड्यातल्या बायकांना कळेल अशा साध्या मराठीत अख्खं बायबल उतरवत बसली. १९२२ मध्ये त्या गेल्या. पुस्तक पुरं होऊन १९२४ मध्ये बाहेर पडलं. हिब्रू शिकून त्यांनी वाचकांना हिब्रू आवाज काढायला लावलं नाही. आणि मूळ परंपरेलाही नावांचं सोवळं कुठे होतं? तलमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथात मशीहाचं नाव काय यावर चर्चा आहे. शिलाच्या शाळेतले म्हणतात शिलो, यन्नईच्या शाळेतले म्हणतात यिन्नोन, हनीनाच्या शाळेतले म्हणतात हनीना. प्रत्येकाकडे वचनाचा आधार तयार, आणि प्रत्येकाचं उत्तर आपल्या गुरुजींच्या नावाशी जुळणारं. लिहिणाऱ्याच्या ओठांवरचं हसू मला तरी दिसतं. शिमोन बर कोसिबा रोमविरुद्ध उठला तेव्हा, इ.स. १३२ मध्ये, रब्बी अकिवाने त्याला 'बर कोखबा' केलं, ताऱ्याचा पुत्र. तीन वर्षांत बंड चिरडलं गेलं आणि ज्यू ग्रंथांतच तो 'बर कोजिबा' झाला, थापेचा पुत्र. दोन-चार अक्षरांच्या हेराफेरीत मशीहा घडला आणि मोडला. त्याचं खरं नाव विसाव्या शतकात यहुदियाच्या वाळवंटातल्या गुहांतून मिळालेल्या पत्रांत सापडलं, तिथे तो नुसता कोसिबा आहे. अकिवाला त्याच वेळी एका सहकाऱ्याने सुनावलं होतं: तुझ्या गालांवर गवत उगवेल, तरी दावीदाचा पुत्र आलेला नसेल.

उगवण्यावरून आठवलं. आवाजवाल्यांना आणि शब्दकोशवाल्यांना मी एकाच नावावर बोलावीन: 'सेमाख'. यिर्मया आणि जखऱ्या येणाऱ्या राजाला हे नाव देतात. त्याचा अर्थ कोंब, जमिनीतून वर येणारं काहीही. ग्रीक भाषांतरकारांनी त्याला 'अनातोले' केलं, ज्याचा अर्थ उगवणं, पण ग्रीक कानाला आधी सूर्याचं उगवणं. लॅटिनमध्ये तो 'ओरिएन्स' झाला, आणि त्यात सूर्याबरोबर पूर्व दिशाही आली. कोंबाचा सूर्य, सूर्याची दिशा. इंग्रजी भाष्यकार हे कसं झालं ते समजावण्यात पानं खर्ची घालतात. मराठीत कोंब उगवतो, सूर्य उगवतो, आणि आमच्याकडच्या म्हाताऱ्या पूर्वेला अजून 'उगवत' म्हणतात. तिन्ही अर्थांना पुरून उरणारा शब्द आपल्या घरात पडून होता. उगवत्याला नमस्कार करणाऱ्यांची आपल्याकडे टवाळी होते, तेवढी एक अडचण. पण राजाचं नाव आहे, टवाळी सोसेल. जखऱ्याच्या सहाव्या अध्यायातल्या त्या ओळीत नाव आणि क्रियापद एकाच धातूचं आहे, आणि ते मराठीत जसंच्या तसं उतरतं: 'पाहा, हा पुरुष, याचं नाव उगवता, आणि तो आपल्या जागी उगवेल.'